अणुभट्टी की हॉस्पिटल? न्यूक्लिअर इंजिनिअरिंगवाल्यांनो, जरा इकडे या

अर्धवट_आयु:

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मला पदवीसाठी 'न्यूक्लिअर इंजिनिअरिंग आणि रेडिओलॉजिकल सायन्सेस' अशा लांबलचक नावाच्या विभागात जायची संधी आहे. भौतिकशास्त्र मनापासून आवडतं. गणित जमतं, आवडतं असं म्हणवत नाही. पण विषयांची यादी बघितली आणि गोंधळ उडाला. एकीकडे अणुभट्टीचं भौतिकशास्त्र, उष्णतेचं वहन, धातूंचा अभ्यास. दुसरीकडे डिटेक्टर, डोस, पेशींवर होणारे परिणाम, कर्करोगावरचे किरणोपचार. हे दोन संसार एका छपराखाली नांदतात कसे? आणि दोन वर्षांनी "मला भट्टी नको, हॉस्पिटल हवं" असं म्हणता येतं का, की एकदा गाडी रुळावर चढली की गेलीच?

घरी विषय काढला तर एकच प्रश्न आला, "म्हणजे रोज किरणं अंगावर घ्यायची?" त्याचंही उत्तर मिळालं तर बरं.

मंदक:

स्वागत. आयडी झकास आहे. मी या क्षेत्रात बावीस वर्षं आहे आणि त्यातली बहुतेक भट्टीच्या गाभ्याची आकडेमोड करण्यात गेली, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार ते लक्षात ठेवून वाच. (एकेरी चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.)

छप्पर एक का, ते आधी. दोन्हीकडे प्रश्न तोच असतो: एक कण निघाला, तो कुठे जाणार, कशावर आपटणार आणि आपली ऊर्जा कुठे टाकणार? तो कण युरेनियममधून सुटलेला न्यूट्रॉन असो की रुग्णाच्या छातीत शिरलेला फोटॉन, हिशेब मांडायचं समीकरण एकच. बोल्ट्झमनचं ट्रान्सपोर्ट समीकरण. त्यात सात चलं: जागेची तीन, दिशेची दोन, एक ऊर्जा, एक वेळ. कागदावर ते फक्त बाळबोध उदाहरणांत सुटतं. बाकी वेळी त्याला वळसा घालून उत्तरापर्यंत कसं पोचायचं तेच आम्ही शिकतो आणि पुढे त्याचाच पगार घेतो.

यातला एक वळसा म्हणजे माँटे कार्लो. १९४६ मध्ये उलाम हा गणितज्ञ आजारपणातून उठत असताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलेले काय वाईट, असं त्याच्या डोक्यात आलं. फॉन नॉयमन या दुसऱ्या गणितज्ञाबरोबर त्यानं हीच युक्ती न्यूट्रॉनना लावली. आज भट्टीचा गाभा आणि किरणोपचारातला डोस, दोन्ही या पद्धतीनंही काढतात. लाखो-करोडो काल्पनिक कण सोडायचे आणि प्रत्येकाचं काय झालं ते मोजायचं.

आता मला हा विषय कधी चिकटला ते सांगतो, म्हणजे तुलाही चिकटेल का याचा अंदाज येईल. दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलं: एका पिढीतले न्यूट्रॉन पुढच्या पिढीत १.००१ पट होतात. म्हणजे हजाराचे हजार एक. काहीच नाही की! मग त्यांनी विचारलं, साध्या पाण्याच्या भट्टीत एक पिढी किती वेळ टिकते? सेकंदाचा दहा हजारावा भाग धरा. म्हणजे सेकंदात दहा हजार पिढ्या. १.००१ चा दहा हजारावा घात काढा. वर्गात कॅल्क्युलेटरची टकटक, आणि उत्तर आलं जवळजवळ २२ हजार. एका सेकंदात भट्टीची शक्ती २२ हजार पट! अशी वस्तू कुठलाही माणूस किंवा मोटर आवरू शकत नाही. सरांनी खडू ठेवला आणि म्हणाले, "मग भट्ट्या चालतात कशा?"

उत्तर असं की सगळे न्यूट्रॉन लगेच निघत नाहीत. युरेनियम-२३५ मध्ये हजारातले साधारण साडेसहा उशिरा निघतात. विखंडनात, म्हणजे अणुकेंद्र फुटताना, जे तुकडे पडतात, त्यांतले काही थोडं थांबून न्यूट्रॉन सोडतात. ब्रोमीन-८७ त्यातला सगळ्यात आळशी, त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) जवळपास ५५ सेकंद. हे मूठभर उशिरा येणारे सगळ्या टोळीची सरासरी इतकी लांबवतात की त्याच १.००१ ला शक्ती पावणेतीन पट व्हायला मिनिटभर लागतं. मिनिटभरात माणूस चहूकडे बघून, विचार करून न्यूट्रॉन शोषणारी कांडी खाली सोडू शकतो. १९४२ च्या २ डिसेंबरला फर्मी या भौतिकशास्त्रज्ञानं शिकागोत पहिली साखळी प्रक्रिया सुरू केली आणि ती आवरता आली, ते या उशिरा येणाऱ्यांच्या जिवावर.

त्या तासानंतर मी मेकॅनिकलला जायचा विचार सोडला.

शून्य_आठ:

वाखू (वाचनखूण) साठवली. खुर्ची ओढून बसलोय, चालू द्या.

शिशाचा_एप्रन:

मंदक, प्रतिसाद सुंदर. आता दुसऱ्या काठावरून. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, रेडिएशन थेरपी विभागात. पदवी तुझ्यासारख्याच विभागातली, आणि हो, मी रूळ बदलला. तिसऱ्या वर्षी. अडचण काही आली नाही, कारण पहिली दोन वर्षं सगळ्यांची सारखीच असतात: आधुनिक भौतिकशास्त्र, डिफरन्शियल समीकरणं, प्रोग्रामिंग, थर्मोडायनॅमिक्स, आणि डिटेक्टरची प्रयोगशाळा. फक्त एक लक्षात ठेव. हॉस्पिटलात स्वतंत्रपणे काम करायचं तर बहुतेक ठिकाणी पदवी पुरत नाही. वर मास्टर्स लागतं, आणि त्यावर कुणा अनुभवी फिजिसिस्टच्या हाताखाली उमेदवारी. वाट लांब आहे, ती आधीच ठाऊक असलेली बरी.

दोन संसार वेगळे असं तू म्हणतेस. मलाही वाटायचं. मग २००९ उजाडलं. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं समस्थानिक (आयसोटोप) म्हणजे टेक्निशियम-९९एम. अर्धायुष्य सहा तास, १४० केईव्हीचा (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) एकच नीटस गॅमा, कॅमेऱ्याला अगदी सोयीचा. पण सहा तासांत निम्मा होणारा माल साठवणार कसा? म्हणून त्याचा बाप आणतात, मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. शिशाच्या डब्यातला एक छोटा स्तंभ असतो, त्यातून रोज सकाळी सलाइन ओढलं की टेक्निशियम उतरतं. आम्ही त्या डब्याला गाय म्हणतो आणि त्या कामाला दूध काढणं. आठवड्यात गाय आटते.

आणि हे मॉलिब्डेनम येतं कुठून? जगातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या संशोधन भट्ट्यांतून. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची १९५७ साली सुरू झालेली भट्टी गळतीमुळे बंद पडली, ती पंधरा महिने. मधेच २०१० च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधली पेटेनची भट्टीही दुरुस्तीला गेली. जगभर स्कॅनच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. भट्टीच्या पात्राला पडलेलं छिद्र आणि हृदयाच्या स्कॅनसाठी ताटकळलेला रुग्ण, यांच्यामध्ये फक्त एक समस्थानिक आहे. तेव्हापासून मी "तुमची बाजू, आमची बाजू" म्हणणं सोडलं.

अवांतर: पेशींवरचे परिणाम हा विषय पाठांतराचा समजून टाळू नकोस. मी टाळला होता, पुढे दुप्पट मेहनत पडली.

रोखठोक:

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. या क्षेत्राचं नशीब भौतिकशास्त्र ठरवत नाही, सरकारं ठरवतात. १९७९ ला थ्री माइल आयलंड, १९८६ ला चेर्नोबिल, असे भट्ट्यांचे अपघात झाले आणि त्यानंतर कित्येक देशांत नव्या भट्ट्यांचं कामच थांबलं. २०११ ला फुकुशिमा झालं आणि जर्मनीनं बाहेर पडायचं ठरवलं, एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद. तू प्रवेश घेशील तेव्हा हवा एक, बाहेर पडशील तेव्हा दुसरी. मेकॅनिकल घे, हवं तर मास्टर्सला अणुकडे ये. उलटं जाणं अवघड.

मंदक:

रोखठोक, तुमचं अर्धं पटलं. हवा बदलते हे खरंच. पण बंद पडलेली भट्टी कुणी कुलूप लावून सोडून देत नाही. ती सुटी करणं, इंधन सांभाळणं, कचऱ्याची व्यवस्था, ही कामं दशकानुदशकं चालतात आणि त्याला हीच माणसं लागतात. शिवाय या विभागात शिकलेली मुलं उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर किरणांचा काय परिणाम होतो ते तपासतात, प्लाझ्मावर काम करतात, चिपच्या कारखान्यात जातात. १९७७ ला सुटलेली व्हॉयेजर यानं अजून जिवंत आहेत ती प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर. तेही कुणीतरी शिकूनच केलं ना.

आणि मेकॅनिकलवाले इथे भरपूर लागतात, नाही कोण म्हणतं? फुकुशिमातल्या चालू भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच आपोआप बंद झाल्या होत्या. विखंडन थांबलं होतं. पण तुकड्यांच्या क्षयातून उष्णता येतच राहते. बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभरानं दीडेक टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं. तीन हजार मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत ते सुरुवातीला दोनशे मेगावॅट होतात. त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले, आणि ती उष्णता काढून न्यायला कुणी उरलं नाही. म्हणजे उष्णता वहनाचा पेपर 'आपला विषय नाही' म्हणून टाकायचा नसतो.

कॉम्प्टनची_कड:

मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून ताजं ताजं. धागाकर्तीला आतून कसं दिसतं ते सांगते.

डिटेक्टरची पहिली प्रयोगशाळा. टेबलावर सोडियम आयोडाइडचा स्फटिक, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात. समोर बटणाएवढी सीझियम-१३७ ची चकती. मला वाटलेलं की ६६२ केईव्हीचा गॅमा आहे, तर पडद्यावर ६६२ ला एक सुबक रेघ दिसेल. दिसलं काय? डावीकडून एक लांबलचक पठार, ४८० च्या आसपास तुटलेला कडा, मग दरी, आणि मग ६६२ ला एक गुबगुबीत टेकडी. शिवाय १८५ च्या जवळ एक उंचवटा, कुणी बोलावलेला नसताना. मी सरळ म्हटलं, "यंत्र बिघडलंय."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, प्रत्येक उंचवट्याची गोष्ट सांग, मगच जेवायला जा. पठार म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉनला धक्का देऊन अर्धवट ऊर्जा टाकून निसटलेले फोटॉन. कडा म्हणजे सरळ मागे उसळून गेलेले, त्यांनी जास्तीत जास्त जेवढी टाकता येते तेवढी टाकली. आणि १८५ चा तो आगंतुक म्हणजे भिंतीवर, टेबलावर आपटून परत स्फटिकात शिरलेले. म्हणजे त्या आलेखात खोलीसुद्धा दिसत होती! मग चकती काढून ठेवली तरी १४६१ ला एक बारीक टेकडी उरलीच. पोटॅशियम-४०. भिंतीतलं, आणि थोडं माझ्याही अंगातलं. माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चारेक हजार क्षय होत असतात. मला हे वाचून माहीत होतं. पण पडद्यावर बघणं वेगळं.

फजितीही सांगते. गायगर नळीवर दोन स्रोत वेगवेगळे मोजले: सेकंदाला ४१० आणि ३९५. दोन्ही एकत्र ठेवले की ८०५ यायला हवेत. आले ७७४. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तसंच, आणि शेवटी अहवालात ८०५ लिहून टाकले. पकडले गेले अर्थातच. नळी एक मोजणी केली की साधारण शंभर मायक्रोसेकंद आंधळी असते, तेवढ्यात आलेला कण तिला दिसत नाही. त्या हरवलेल्या ३१ मोजण्यांतूनच तो आंधळा काळ काढायचा होता, प्रयोगच तो होता. मी उत्तर खोडून त्या जागी चूक लिहिली होती. पूर्ण सत्र त्या मॅडम मला "आठशे पाच" म्हणायच्या.

शून्य_आठ:

आठशे पाच!! +१

अर्धवट_आयु:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मंदक काका, एकेरीच म्हणा. घरच्यांच्या प्रश्नाचं कुणी सांगेल का? आई रोज विचारते.

शिशाचा_एप्रन:

आईंना आकडेच सांग. नैसर्गिक किरणोत्सार सगळ्यांनाच मिळतो, जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक). किरणांशी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० ची, आणि कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. सामान्य जनतेसाठी १, निसर्गातून आणि औषधोपचारातून मिळणारा सोडून. मी रोज छातीवर बिल्ला लावते, तो ठरावीक दिवसांनी वाचायला जातो. माझ्या बिल्ल्यावर बहुतेक वेळा नोंद करण्याइतकंही काही नसतं. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतले स्रोत तर त्याहून किरकोळ. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई, वेळ निम्मा केला की निम्मा, मध्ये शिसं ठेवलं की आणखी कमी. हे सवयीचं होऊन जातं.

माझ्या कामात भीती वेगळ्याच गोष्टीची असते, ती म्हणजे रुग्णाला चुकीचा डोस जाण्याची. १९८५ ते ८७ च्या दरम्यान थेरॅक-२५ नावाच्या उपचारयंत्रानं सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस दिला. आधीच्या यंत्रांत चूक अडवणारे प्रत्यक्ष खटके होते, यात ते काढून भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. ऑपरेटरनं पडद्यावरची नोंद भराभर दुरुस्त केली की आतल्या प्रोग्रामच्या दोन भागांचा मेळ चुकायचा. पडद्यावर नुसता एक चूक क्रमांक यायचा. म्हणून मी रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी यंत्राचा डोस मोजते. कंटाळवाणं आहे. रोज तोच आकडा येतो.

रोखठोक:

कमी डोसला काही होत नाही हे सरळ सांगा ना आईंना. ती सरळ रेषेची थिअरी (डोस कितीही कमी असला तरी त्या प्रमाणात धोका असतोच, अशी) म्हणजे नुसती घाबरट लोकांची सोय.

शिशाचा_एप्रन:

नाही हो, एवढं सरळ नाही. साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या खाली जादा कर्करोग झाला की नाही हे इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगांच्या गर्दीतून वेगळं काढता येत नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. आणि आहेच, असंही नाही. नियम करताना रेषा शून्यापर्यंत ओढलेली आहे ती खबरदारी म्हणून. वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, मी येते.

मंदक:

आयु, एक गृहपाठ देतो. शंभर फासे गोळा कर. नसतील तर दहा फासे दहादा टाक. दर फेरीला सहा पडलेले बाजूला काढ, उरलेले मोज, आलेख काढ. हा वेळ मजेत गेला तर विभागात जा. कंटाळा आला तर रोखठोक यांचं ऐक.

अर्धवट_आयु:

काका, केलं! मधे आठवडा गेला. धाकट्या भावाला बसवलं सोबत. अर्धायुष्य गणितानं ३.८ फेऱ्या येतं, म्हणजे चार फेऱ्यांनंतर ४८ उरायला हवेत. माझे उरले ४४. पुन्हा केलं, ५१. माझं काही चुकतंय का?

शून्य_आठ:

काही चुकत नाही. मोजणीत वर्गमुळाएवढी चूक धरायची. ४८ चं वर्गमूळ सातच्या जवळ. तू आतच आहेस.

कॉम्प्टनची_कड:

शून्य_आठ, थांबा. वर्गमूळ तेव्हा, जेव्हा स्रोत अथांग असतो आणि त्यातले अगदी थोडे क्षय पावतात. इथे फासे शंभरच आणि निम्मे गेले. शंभर गुणिले ०.४८ गुणिले ०.५२, त्याचं वर्गमूळ. पाच येतं, सात नाही. तरी ४४ आणि ५१ दोन्ही आतच. (८०५ लिहिलं नाहीस हे बघून डोळे पाणावले.)

मंदक:

बरोबर, पाच. आता पुढची पायरी. पांढरे शंभर फासे घे. एक किंवा दोन पडलं की तो पांढरा बाजूला आणि त्याच्या जागी एक लाल. लाल पुढच्या फेरीपासून टाकायचे, त्यांच्यात सहा पडला की कायमचा बाहेर. दर फेरीला फक्त लाल मोज. काय होईल ते आधी लिहून ठेव, मग टाक.

अर्धवट_आयु:

लिहिलं होतं "लाल सुरुवातीला वाढतील आणि लगेच कमी होतील." झालं असं: ३१, ४९, ५८, ५९, ५३, ५०. चौथ्या फेरीपर्यंत चढतच होते! पांढरे तोवर वीस उरले होते. भाऊ म्हणाला, नवीन कुणी येत नाही तरी गर्दी का वाढतेय.

मंदक:

तुझ्या भावालाही विभागात घेऊन जा. पांढरे म्हणजे आयोडीन-१३५, अर्धायुष्य ६.६ तास. लाल म्हणजे झेनॉन-१३५, नऊ तासांहून थोडं जास्त. हा झेनॉन न्यूट्रॉन गिळण्यात राक्षस, त्याचा क्रॉस-सेक्शन (न्यूट्रॉनला त्याचं केंद्र किती मोठं लक्ष्य वाटतं ते) २६ लाख बार्नच्या घरात. भट्टी चालू असताना तो न्यूट्रॉन खाऊन संपतही असतो. बंद केली की खायला न्यूट्रॉन नाहीत, पण आयोडीन त्याला जन्म देतच राहतं. म्हणून झेनॉन आधी चढतो, मोठ्या भट्टीत दहा-अकरा तासांनी शिखर गाठतो, आणि तो पुरेसा ओसरेपर्यंत भट्टी पुन्हा पेटवणं अवघड, कधी अशक्यच होतं.

१९४४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या हॅनफर्डची पहिली मोठी भट्टी चालू झाली आणि काही तासांत आपोआप विझली. मग काही तासांनी आपोआप जागी झाली, पुन्हा विझली. व्हीलर आणि फर्मी या भौतिकशास्त्रज्ञांनी त्या जाग येण्याच्या वेळांवरून ओळखलं की हे विष झेनॉन आहे. नशीब असं की बांधणाऱ्या इंजिनिअरांनी भौतिकवाल्यांनी सांगितलेल्या १५०० नळ्यांऐवजी २००४ ची जागा ठेवली होती. जादा नळ्यांत इंधन भरलं, भट्टी चालली.

आता पुढचं. दर फेरीला वीस नवे पांढरे टाकत राहा. लाल कुठे जाऊन थांबतात?

अर्धवट_आयु:

फासे कमी पडतायत. भाऊ शेजारच्यांचे मागायला गेलाय. उद्या कळवते.